मंगळवारची पुडी

कंपाउंडरांना कंपाउंडर म्हणायचं कारण अठरा वर्षांपूर्वीच संपलं होतं. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी सदतीस वर्षं औषधं बांधून दिली, ते डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागेत चष्म्याचं दुकान आलं आणि कंपाउंडर घरी बसले. पण नाव चिकटलं ते चिकटलं. इमारतीत नव्याने राहायला आलेल्यांना तर ते त्यांचं आडनावच वाटायचं, आणि तसं कुणाला वाटलं तर कंपाउंडरही दुरुस्ती करायच्या भानगडीत पडत नसत.

बायको जाऊन तेरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ती गेली तेव्हा तिच्या उशाशी औषधांची एक पिशवी उरली. आजार आठ महिन्यांचा आणि औषधं आणलेली दहा महिन्यांची, कारण दुकानदार म्हणाला होता की मोठं पाकीट घेतलेलं बरं. ती पिशवी टाकून द्यायला कंपाउंडरांचा हात होईना. ज्या माणसाने जन्मभर एकेक गोळी मोजून दिली, त्याने भरलेली पाकिटं कचऱ्यात कशी टाकायची? ती तशीच कपाटात राहिली. मग एका दुपारी तळमजल्यावरचा वायरमन दारात आला. त्याच्या मुलीला ताप होता आणि दुकान बंद होतं. कंपाउंडरांनी पिशवीतून दोन गोळ्या काढल्या, कागदाच्या पुडीत बांधल्या, पुडीवर सकाळ-संध्याकाळ असं लिहिलं. मुलगी बरी झाली. वायरमन पुडी परत करायला म्हणून आला आणि पाऊण तास बसून गेला. बायको गेल्यानंतर त्या घरात एवढा वेळ कुणी बसलं नव्हतं.

तिथून ते सुरू झालं. कुणाचा कोर्स संपून चार गोळ्या उरल्या, कुणाला औषध सोसलं नाही, कुणाचे वडील वारले, की सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या कंपाउंडरांकडे जमा. बायकोच्या कपड्यांच्या कपाटातले खालचे दोन कप्पे बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांनी भरून गेले. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: ताप, खोकला, पोट, अंगदुखी, चक्कर, खाज. कोर्स अर्धवट सोडणाऱ्याला ते चांगले फैलावर घेत. "पाच दिवसांचं दिलं होतं ना? मग तीन दिवसांत शहाणपण कुठून आलं?" असं दटावून झालं की उरलेल्या गोळ्या मात्र गुपचूप ठेवून घेत. सदतीस वर्षं दुसऱ्याच्या अक्षराबरहुकूम वागलेला माणूस आता स्वतःच्या अकलेने औषध देऊ लागला होता, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडत होतं.

त्यांची एक पद्धत होती. आलेल्या प्रत्येक पाकिटातल्या गोळ्या ते एकेक करून बाहेर काढत, डब्यात टाकत आणि चंदेरी कागद फेकून देत. द्यायची वेळ आली की वहीचं पान चौकोनी कापून त्याची पुडी बांधत. गोळी पाकिटातून बाहेर आली की बिननावाची होते, तिची मुदत कधी संपणार तेही कळत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. कंपाउंडरकी कोळून प्यायलेला माणूस तो. कापलेली पाकिटं टोचतात, जागा फार खातात, असं ते विचारणाऱ्याला सांगत. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. पाकीट नुसतं हातावर ठेवलं की माणूस दारातूनच परत फिरतो. पुडी बांधायची म्हटली की त्याला बसावं लागतं.

सगळ्यात जास्त बसायच्या त्या लायब्ररीबाई. त्या खालच्या मजल्यावर, बरोबर कंपाउंडरांच्या खाली राहत. चौतीस वर्षं एका वाचनालयात पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारून निवृत्त झाल्या आणि बारा वर्षांपूर्वी इथे आल्या. नवरा त्याआधीच गेलेला, मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. आठवड्यातून दोनदा तरी बाईंचं काहीतरी दुखायचं. कधी खांदा, कधी डोकं, कधी नुसतीच झोप येत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजायचं आणि बाहेरून आवाज यायचा, "कंपाउंडर, आहात का?" जणू काही हा माणूस दौऱ्यावरच असतो. कंपाउंडर मुद्दाम थोडा वेळ लावून दार उघडत. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, कंपाउंडर चष्मा पुसत, डबे काढत, झाकण उघडत, परत लावत, आणि एका गोळीच्या पुडीला चाळीस मिनिटं लागत. मधे चहा व्हायचा. पुस्तकं परत न करणाऱ्या लोकांच्या गोष्टी व्हायच्या. उठताना बाई पुडी घेत आणि कंपाउंडर बजावत, "जेवल्यावर घ्या. उपाशीपोटी नाही."

"हो हो," बाई म्हणत.

बाकीचे दिवस कंपाउंडरांना घर खायला उठायचं, पण ते बाईंना सांगायची कधी वेळ आली नाही. बोलायला विषय होताच की, बाईंचा खांदा.

दोन महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावरचे बँकवाले वारले. त्यांची बायको औषधांची भलीमोठी पिशवी घेऊन आली आणि खुर्चीत बसून रडू लागली. कंपाउंडर गोळ्या काढत राहिले आणि ऐकत राहिले. ती दोन तास बसली होती. मधेच हसली, परत रडली, शेवटच्या दिवसांचं सगळं सांगितलं. ती गेल्यावर कंपाउंडरांना वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी बरंही वाटत होतं. आपल्याकडे कुणीतरी मन मोकळं केलं, दोन तास केलं, याचं बरं. कुठली गोळी कुठल्या डब्यात गेली याकडे त्या दिवशी त्यांचं लक्ष नव्हतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, ऑपरेशन ते दर सहा महिन्यांनी पुढे ढकलत होते.

त्या मंगळवारी बाई आल्या तेव्हा त्यांनी भिंतीला हात टेकला होता.

"कंपाउंडर, आज खरंच चक्कर येतेय."

"वाचन कमी करा जरा," कंपाउंडर म्हणाले. "बसा. बघतो."

"बसत नाही. जाऊन पडते. लवकर द्या काय ते."

कंपाउंडरांचा थोडा हिरमोड झाला. त्यांनी चक्करचा डबा काढला, दोन लहान पांढऱ्या गोळ्या पुडीत बांधल्या, नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात वार आणि तारीख टाकली. एक आत्ता, एक संध्याकाळी. बाई कठड्याला धरून जिना उतरल्या आणि कंपाउंडर दारात उभे राहून चप्पल वाजायची थांबेपर्यंत ऐकत राहिले. मग आत येऊन त्यांनी एकट्यासाठी चहा टाकला.

बुधवारी सकाळी दहापर्यंत बाईंच्या दाराच्या कडीत वर्तमानपत्र तसंच अडकलेलं होतं. वायरमनने हाका मारल्या, मग कडी तोडली. बाई स्वयंपाकघरात फरशीवर पडल्या होत्या, घामाने निथळत होत्या आणि डोळे उघडत नव्हत्या. ॲम्ब्युलन्स आली, स्ट्रेचर जिन्यात दोनदा अडकलं, लोकांनी आपापल्या परीने सूचना दिल्या, वायरमनने दाराला बाहेरून कुलूप घालून किल्ली सोबत पाठवली. कंपाउंडर वरच्या पायरीवर उभे राहून बघत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगण्यासारखं काही आहे असं त्यांनाही वाटलं नाही.

दुपारी दोन वाजता ते हॉस्पिटलात गेले. बाईंचा मुलगा गाडी चालवत येऊन पोचला होता. बाईंच्या हातात सलाईन होतं. चेहरा ओढलेला होता, पण डोळे उघडे होते. कंपाउंडरांना बघून त्यांनी मान किंचित हलवली. कंपाउंडरांचा जीव भांड्यात पडला.

"साखर एकदम खाली गेली होती," मुलगा म्हणाला. "ग्लुकोज दिल्यावर आली शुद्धीवर. आता नॉर्मल आहे. चारला सोडतायत."

"साखर?"

"हो ना. मधुमेह नाही, काही नाही. जेवत नसेल नीट, दुसरं काय. एकटं माणूस, स्वतःपुरतं कोण करतंय. काका, तुम्ही घरी जाताय ना? ही किल्ली घ्या. आईचा चष्मा आणि जुने रिपोर्ट हवेत. बेडरूमच्या कपाटात, वरचा ड्रॉवर म्हणाली."

कंपाउंडरांनी किल्ली घेतली. रस्त्यात दोन चौक गेल्यावर ते थांबले. ज्याला मधुमेह नाही त्याची साखर जेवण चुकवून एवढी उतरत नाही. ती उतरवावी लागते, आणि उतरवायच्या गोळ्या लहान आणि पांढऱ्या असतात. बँकवाल्यांना वीस वर्षं मधुमेह होता. ते एका बंद दुकानाच्या पायरीवर जरा वेळ टेकले आणि मग जमेल तेवढ्या घाईने घरी आले.

चक्करचा डबा त्यांनी खिडकीत नेला, पांढऱ्या कागदावर ओतला आणि भिंग घेतलं. सगळ्या गोळ्या पांढऱ्या, सगळ्या एकाच मापाच्या. पण काहींच्या मधोमध बारीक रेघ होती आणि काहींच्या नव्हती. डब्यात दोन जातीच्या गोळ्या होत्या. त्यांनी परत बघितलं, चष्मा पुसून बघितलं, दुसऱ्या डोळ्याने बघितलं. दोनच्या एक जात काही होईना.

तरी आशा होती. बाईंना कदाचित बरोबर गोळ्या गेल्या असतील. कदाचित बाईंनी त्या घेतल्याच नसतील. ते खाली गेले, कुलूप उघडलं. बारा वर्षांत ते बाईंच्या घरात दोनदाच गेले होते आणि दोन्ही वेळा दारापाशीच उभे राहिले होते. बेडरूम नीटनेटकी होती. उशीजवळ उघडं पुस्तक पालथं ठेवलेलं होतं. त्यांनी वरचा ड्रॉवर ओढला.

चष्मा आणि रिपोर्ट पुढेच होते. त्यांच्यामागे, ड्रॉवरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुड्यांच्या रांगा होत्या. वाचनालयात कार्डं लावतात तशा उभ्या, एकामागे एक, तारखेच्या क्रमाने. मधे जाड कागदाचे तुकडे घालून त्यावर वर्षं लिहिलेली. कंपाउंडरांनी एक काढली. त्यांचंच अक्षर, त्यांचीच घडी. बंद. दुसरी काढली. बंद. सात वर्षांपूर्वीची, खांद्याची, बंद. एकीचीही घडी मोडलेली नव्हती.

क्षणभर त्यांना आनंदच झाला. बाई गोळ्या घेतच नव्हत्या. बारा वर्षांत एकही घेतली नव्हती. म्हणजे मंगळवारचीही घेतली नसणार, म्हणजे हे दुसरंच काहीतरी असणार, म्हणजे आपण सुटलो. त्यांनी घाईघाईने शेवटच्या रांगेत बोट फिरवलं. मंगळवारची पुडी सगळ्यात शेवटी होती. ती तेवढी उघडलेली होती. बाईंनी तिची परत नीट घडी घातली होती आणि तिच्या जागी लावून ठेवली होती. आत काही नव्हतं.

कंपाउंडर बाईंच्या पलंगाच्या कडेवर बसले. खांदा दुखत नव्हता, डोकं दुखत नव्हतं, झोपही येत असावी. बाई बारा वर्षं जिना चढून येत होत्या त्या कशासाठी, हे त्यांना त्या ड्रॉवरसमोर बसून कळलं. आणि एकदाच, फक्त एकदा, त्यांना खरोखर काहीतरी होत होतं. तसं त्या म्हणाल्याही होत्या. खरंच, असं म्हणाल्या होत्या. तेव्हा आपण त्यांना पुस्तकांवरून चिडवलं आणि हातात विष ठेवलं. कंपाउंडरांना रडायला आलं. पण भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते, तेव्हा रडायलाही फुरसत नव्हती. जुन्या साखरेच्या गोळ्यांचं त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात त्या दोन-दोन दिवस रेंगाळतात. सलाईन काढलं की साखर परत उतरणार. चार वाजता घरी आणलं, मुलगा निघून गेला, की ती उतरेल आणि या वेळी कडी तोडायला उशीर होईल.

त्यांनी मंगळवारची पुडी खिशात घातली. खिशात घातली तेव्हा नेमकं काय करायचं ते त्यांचं ठरलं नव्हतं. पुडी नाहीशी झाली तर कुणाला काही कळणार नव्हतं, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि आला तो लगेच गेला नाही. निघताना त्यांनी वरून चक्करचा डबाही घेतला.

वॉर्डातली डॉक्टर तिशीची होती. ती उभ्या उभ्या डिस्चार्जचा कागद भरत होती.

"यांना आजचा दिवस ठेवा ना," कंपाउंडर म्हणाले.

"का?"

"वय झालंय. अशक्तपणा आहे."

"आजोबा, साखर नॉर्मल आहे. बाहेर चार पेशंट खुर्चीत बसलेत. अशक्तपणा घरी भरून निघेल."

"एकच दिवस."

"काही कारण आहे का?" तिने पेन थांबवलं. "कारण असेल तर सांगा. मला उगाच ठेवता येत नाही."

मुलगा शेजारी उभा होता. पलंगावर बाई डोळे मिटून पडल्या होत्या. कंपाउंडरांना दिसत होतं, की आता तोंड उघडलं की तेरा वर्षं वाजत आलेलं दार वाजायचं थांबणार. वायरमन येणार नाही, बँकवाल्यांची बायको येणार नाही, आणि बाई तर नाहीच नाही. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि डबा टेबलावर ठेवला.

"मी यांना मंगळवारी गोळ्या दिल्या. चक्करच्या म्हणून. त्या साखरेच्या असाव्यात. दोन्ही त्यांनी घेतल्यात."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "कुठली गोळी? नाव काय?"

"नाव नाही. मी पाकिटं फेकून देतो."

"फेकून देता?" ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने उगाच शब्द वाया घालवले नाहीत. "कुणाची होती? त्यांच्या घरी फोन लावा आणि जुनी चिठ्ठी मागवा. आत्ता. सिस्टर, तीन नंबरचं डिस्चार्ज थांबवा. तासातासाला शुगर."

बँकवाल्यांच्या बायकोने चिठ्ठीचा फोटो पाठवला. डॉक्टरने नाव वाचलं आणि नुसती मान हलवली. पाच वाजून दहा मिनिटांनी बाईंच्या बोटातून रक्त घेतलं तेव्हा साखर पुन्हा घसरलेली होती. बाईंना कापरं भरलं, त्या काहीतरी असंबद्ध बोलू लागल्या, नर्स धावल्या. अर्ध्या तासाने सगळं ताळ्यावर आलं. "आत्ता तुम्ही गाडीत असता," डॉक्टर मुलाला म्हणाली.

मुलगा त्यांना बाहेर घेऊन गेला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग कोण आहात?"

"कंपाउंडर होतो."

"होतात ना? मग?" तो म्हणाला. "माझी आई गेली असती. तुम्ही सांगितलंत म्हणून वाचली, तेही खरं आहे. पण तुमचे आभार मानायला माझी जीभ वळत नाही. घरी जा तुम्ही."

कंपाउंडर मान खाली घालून घरी आले.

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. कुणी त्यांचा पाणउतारा केला नाही. लोक जिन्यात भेटले की घाईत असत, एवढंच. वायरमनने आपल्या घरातल्या जुन्या पुड्या शोधून फेकल्या असं कानावर आलं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात उरलेली औषधं जमा करायची एक पेटी होती, कुलूप लावलेली, वर फट असलेली. कितीतरी वर्षं ती तिथेच होती. कंपाउंडर तिच्यावरून रोज जात आणि त्यांना ती आपली स्पर्धक वाटे. तिसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे डबे दोन पिशव्यांत भरून तिथे गेले.

दुकानदाराने एका डब्याचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"आजोबा, या सुट्ट्या गोळ्या कुठल्या म्हणून समजायच्या? पाकिटातच ठेवायच्या असतात. पाकिटावर नाव असतं."

"माहीत आहे."

"खोक्यावर पेशंटचं नाव लिहिलेलं असेल तर तेवढं फाडायचं, खोका रद्दीत, पाकीट पेटीत. घरात साठवायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, मोरीत तर अजिबात ओतायचं नाही. एवढं सोपं आहे."

"माहीत आहे," कंपाउंडर पुन्हा म्हणाले.

दुकानदाराने गोळ्या एका जाड पिशवीत ओतून घेतल्या आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात 'अज्ञात' असं लिहिलं. तेरा वर्षांचं सगळं मिळून ती पिशवी कलिंगडाएवढी झाली. रिकामे डबे घेऊन कंपाउंडर परत आले.

त्यानंतर दार वाजलं नाही. दहा वाजायचे, अकरा वाजायचे. कंपाउंडर चष्मा पुसून बसत. कधी बाहेर पाऊल वाजलं की ते उठून उभे राहत आणि पाऊल वरच्या मजल्याकडे निघून जाई. दिवसभरात स्वतःचा आवाज ऐकला नाही हे त्यांच्या लक्षात यायचं ते संध्याकाळी, पाववाल्याला "दोन" म्हणताना घोगरा आवाज निघाला की. बाई घरी आल्या होत्या, मुलगाही सोबत थांबला होता. खाली खोकी ओढल्याचे आवाज येत होते. जिना उतरून जाणं म्हणजे सतरा पायऱ्या. त्या कंपाउंडरांना उतरवेनात. कुठल्या तोंडाने जायचं, आणि काय म्हणून जायचं? आजपर्यंत औषधाशिवाय ते कुणाच्याच दारात गेले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी बाईच वर आल्या. बाहेरून हाक मारली नाही. नुसतं दार वाजवलं. त्या खूप वाळल्या होत्या.

"मुलगा घेऊन चाललाय," त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. "त्याच्या घरी. एकटी ठेवायची नाही म्हणतो. कुणीही काहीही देतं आणि ही खाते, असं त्याने सुनेला सांगितलंय."

"बरोबर आहे त्याचं."

"बरोबरच आहे." बाईंनी रिकाम्या डब्यांकडे बघितलं. "चष्मा तुम्हीच आणलात ना? ड्रॉवरमधून?"

"हो."

"मग बघितलं असेल."

"बघितलं."

बाई थांबल्या. त्यांनी कंपाउंडरांना बोलायला वेळ दिला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. आता काहीतरी बोलायला हवं हे कंपाउंडरांना कळत होतं, आणि जे बोलायचं ते अगदी ओठांवर आलं होतं. पण सदतीस वर्षांची जीभ, ती आपल्या वळणाने गेली.

"डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या वेळच्या वेळी घ्या," ते म्हणाले. "जेवल्यावर. उपाशीपोटी नाही."

"एवढंच?"

हॉर्न पुन्हा वाजला. बाई उठल्या, दार त्यांनीच ओढून घेतलं आणि हळूहळू जिना उतरू लागल्या.

त्यांची पावलं खालच्या मजल्यावर, मग तळमजल्यावर गेली. गाडीचं दार लागलं. तेव्हा कुठे कंपाउंडर भानावर आले. पायात काही न घालता, गुडघ्यांची पर्वा न करता, कठड्याला धरून ते जिना उतरले. गाडी फाटकाशी वळत होती. त्यांनी हात वर केला. मुलाने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. बाईंनी काच खाली घेतली.

कंपाउंडरांना धाप लागली होती. "तुम्ही गेल्यावर मला करमणार नाही," ते म्हणाले.

मुलगा समोर बघत राहिला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला.

"हे बारा वर्षांत एकदा म्हणाला असतात," त्या म्हणाल्या, "तर मी इतक्या वेळा खांदा दुखवून घेतला नसता." मग म्हणाल्या, "फोन करत जा."

"काय म्हणून करू?"

"काय म्हणून काय? फोन म्हणून."

गाडी गेली. कंपाउंडर अनवाणी फाटकाशी उभे राहिले, मग एकेक पायरी चढत वर आले. त्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंबर कागदावर लिहून समोर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्यांनी तो लावला. पलीकडून मुलाचा आवाज आला.

"आई झोपलीय. काही काम होतं का?"

काम सांगणं अगदी सोपं होतं. गोळ्या वेळेवर घेतात ना, साखर किती आली, परत तपासणी कधी आहे, अशी दहा कामं त्यांच्या जिभेवर तयार होती. यातलं एकही म्हटलं असतं तर मुलाने उत्तर दिलं असतं आणि फोन रीतसर संपला असता.

"काम काही नाही," कंपाउंडर म्हणाले. "त्यांच्याशी बोलायचं होतं."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. नुसतंच."

मग मुलगा म्हणाला, "बघतो. उठल्यावर सांगतो," आणि फोन बंद झाला.

सांगेल का, ते त्याच्या आवाजावरून कळलं नाही. कंपाउंडरांनी खिडकीजवळची खुर्ची फोनपाशी ओढली आणि तिच्यात बसले. बाईंच्या त्या खुर्चीत ते आजवर कधी बसले नव्हते. दुपार झाली, ऊन भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत गेलं, पाववाला हाक मारून निघून गेला. फोन वाजला नाही. उद्या दहा वाजता परत करायचा, त्याने विचारलं तर परत हेच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि खुर्चीतून न उठता ते तसेच बसून राहिले.